वाचनालयात रहस्यकथा महोत्सव भरवायचाय? मग पाहुण्यांना फोन करण्याआधी जुनी पुस्तकं गोळा करा

गेली तीन वर्षं आम्ही गिरगावात आमच्या छोट्या वाचनालयातर्फे जानेवारीत दोन दिवसांचा रहस्यकथा महोत्सव करतोय. गप्पा, पायी फेरी, लेखन कार्यशाळा, पोरांसाठी ठसे घेण्याचं टेबल, सगळं असतं. आता ठाणे, सातारा, अगदी बेळगावहून लोक विचारतात की आम्हालाही करायचंय, नेमकं काय काय लागतं. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मोठं झालंय, पण घाई न करता वाचा, कारण आम्ही ज्या ज्या ठिकाणी अडलो ते सगळं यात आहे.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांसारखीच सुरुवात केली, म्हणजे मोठा पाहुणा कोण मिळतो ते बघायचं, मग त्याच्या तारखेला हॉल, मग बॅनर. दहा दिवस आधी पाहुण्यांचा निरोप आला की शूटिंग आहे, जमत नाही. बॅनर छापून झालेला, हॉलचं भाडं भरलेलं, आम्ही हताश. त्याच दिवशी संध्याकाळी ठाकूरद्वारच्या एक मावशी दोन कापडी पिशव्या घेऊन आल्या, आत साठ-सत्तरच्या दशकातल्या रहस्यकथा, पाठीला खळ लावून चिकटवलेल्या. "आमच्या ह्यांची आहेत, टाकवत नाहीत, तुम्ही मांडा." आम्ही एक टेबल लावून मांडली आणि दोन दिवस त्या टेबलाभोवतीची गर्दी हटली नाही. सत्तरीचे काका पुस्तक हातात घेऊन उभ्या उभ्या वाचत होते, शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते की हे मी शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलंय. तेव्हा कळलं की महोत्सव त्या टेबलावर आहे, स्टेजवर नाही. दुसऱ्या वर्षापासून सगळी आखणी त्या टेबलापासून करतो. तुम्हीही तशीच करा असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

पुस्तकं कशी जमवायची (तीन महिने आधी)

आपल्याकडे या साहित्याचा केवढा मोठा ढीग आहे ते नव्या मुलांना माहीतच नाही. बाबुराव अर्नाळकरांनी एकट्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड हे नायक एका पिढीच्या तोंडी होते. गुरुनाथ नाईकांचीही संख्या हजारावर जाते. पुण्याच्या सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास यांचे चाहते तर आजही एकमेकांना भेटले की तासभर उभे राहतात. पण यातली बरीच पुस्तकं भाड्याने देणाऱ्या लायब्रऱ्यांतून फिरली, हातोहात झिजली, आणि लायब्रऱ्या बंद झाल्या तशी रद्दीत गेली. मान्यवर ग्रंथालयांनी हा माल फारसा जपला नाही, ‘वाचून टाकायची पुस्तकं’ म्हणून बाजूला ठेवला. म्हणून ती आता कपाटांच्या वरच्या कप्प्यात, माळ्यावर, गावच्या घरी ट्रंकेत सापडतात.

आवाहन करताना "रहस्यकथा आणा" एवढं मोघम लिहू नका. वाचनालयाच्या फळ्यावर, सोसायट्यांच्या ग्रुपवर असं लिहा: "तुमच्या घरी १९९० च्या आधीची मराठी रहस्यकथा, गूढकथा, गुप्तहेरकथा असेल तर दोन दिवसांसाठी द्या, पावती मिळेल, सोमवारी परत मिळेल." पावती हा शब्द फार महत्त्वाचा आहे. लोकांना पुस्तक द्यायचं असतं, पण परत येईल याची खात्री नसते. आम्ही दोन प्रतींचं साधं पावतीपुस्तक ठेवतो, त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष असेल तर ते, आणि पुस्तकाची अवस्था लिहितो: मुखपृष्ठ आहे/नाही, पानं सुटी, शेवटचं पान आहे/नाही. हे शेवटचं पान आहे की नाही ते बघाच, का ते पुढे सांगते. आणि देणाऱ्यासमोरच मोबाईलवर मुखपृष्ठाचा एक फोटो काढा.

पुस्तक हातात आल्यावर काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. सेलोटेप लावायची नाही, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागद खातो. त्या काळचा स्वस्त कागद आम्लधर्मी असतो, म्हणून पानं तपकिरी होऊन कडेला बिस्किटासारखी तुटतात, अशी पुस्तकं सपाट उघडून झेरॉक्सच्या काचेवर दाबलीत तर पाठ मोडलीच म्हणून समजा. फोटो काढायचा असेल तर पुस्तक अर्धंच उघडून, पोथी ठेवायचं लाकडी घडीचं स्टँड असतं ना, त्यावर ठेवून वरून काढा. अगदीच मोडकळीला आलेली पुस्तकं पारदर्शक पिशवीत घालून नुसती दाखवायची. बाकीची मात्र हाताळायला द्या, हात स्वच्छ कोरडे हवेत एवढंच बघायचं. टेबलाशी कायम एक माणूस बसलेला हवा, आणि तो बोलका हवा.

तारीख ठरवताना

मुंबईत असाल तर पावसाळा सोडा, गणपती-नवरात्र-दिवाळी सोडा, फेब्रुवारी-मार्च परीक्षांमुळे सोडा. उरतो नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी. पण जानेवारीचा तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा असतो, दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळपासून बंद, त्या दिवशी कार्यक्रम लावलात तर वक्तासुद्धा पोचणार नाही. रविवारी रेल्वेचा जंबो ब्लॉक कुठे आहे तेही आठवडाभर आधी बघून लोकांना कळवा. आम्ही १२ जानेवारीच्या जवळचा शनिवार-रविवार धरतो, त्याचं कारण फेरीच्या भागात येईल.

शनिवारी दुपारी चारनंतर आणि रविवारी दिवसभर, एवढं पुरे. तिसरा दिवस वाढवायचा मोह होतो, पण कार्यकर्ते चारच असतात आणि तेही थकतात.

जागेचं म्हणाल तर मोठं नाट्यगृह नको. साठ-सत्तर खुर्च्यांचा हॉल, बाजूला एक खोली, आणि मधे चहा पीत उभं राहता येईल असा पॅसेज, असं असेल तर उत्तम. शाळेचे वर्ग रविवारी मिळतात, ते फार सोयीचे पडतात कारण फळा असतो, बाकं असतात, आणि कार्यशाळेला तेच लागतं.

गप्पा कोणाशी

आता पाहुणे. नावाजलेले लेखक मिळाले तर चांगलंच, पण खरी मजा ज्यांनी हा व्यवहार आतून पाहिलाय त्यांच्यात असते. भाड्याने पुस्तकं देणारे लायब्ररीवाले काका, रहस्यकथांची मुखपृष्ठं रंगवणारे चित्रकार, कंपोझिंग करणारे, प्रूफ बघणारे. आमच्याकडे एक लायब्ररीवाले काका आले होते, त्यांनी सांगितलं की कोणतं पुस्तक चाललंय ते त्यांना वहीतून नाही, पुस्तकाच्या कडेवरून कळायचं, कडा जेवढी काळी तेवढं पुस्तक जास्त हातांतून गेलेलं. हे वाक्य आमच्या कुठल्याच पाहुण्याच्या भाषणात आलं नसतं.

दुसरा गट म्हणजे प्रत्यक्ष तपासाशी संबंध असलेली माणसं: निवृत्त पोलीस अधिकारी, न्यायवैद्यक डॉक्टर, फौजदारी वकील, कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी काम करून निवृत्त झालेले तज्ज्ञ. त्यांना बोलावताना आधी बसून दोन गोष्टी स्पष्ट बोला. कोर्टात चालू असलेल्या केसवर बोलायचं नाही, आणि पीडितांची नावं घ्यायची नाहीत. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात तर पीडितेची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हाच आहे. चांगले अधिकारी स्वतःच हे पाळतात, पण रंगात आल्यावर प्रेक्षकातून कोणीतरी नाव विचारतं, तेव्हा सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे थांबवायला हवं.

वेळेचं गणित चाळीस मिनिटं गप्पा आणि वीस मिनिटं प्रश्न. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर माईक हातात आला की प्रश्नाऐवजी भाषण येतं. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, परिचय हे सगळं मिळून सात मिनिटांत बसवा. परिचय तर दीड मिनिटाचा, लिहून काढलेला. आणि एक नियम पहिल्याच सत्रात सगळ्यांना सांगा: खुनी कोण ते बोलायचं नाही. आम्ही टेबलावर देवघरातली छोटी घंटा ठेवतो, कोणी शेवट फोडायला लागला की वाजवायची. लहान मुलं त्या घंटेच्या शेजारी बसायला भांडतात.

परदेशात अशा महोत्सवांना जागेचा फार छान उपयोग करून घेतात. इंग्लंडमधल्या हॅरोगेटला २००३ पासून गुन्हेकथांचा मोठा महोत्सव भरतो तो ज्या हॉटेलात, तिथेच १९२६ च्या डिसेंबरमध्ये अकरा दिवस बेपत्ता असलेल्या अ‍ॅगाथा ख्रिस्ती सापडल्या होत्या. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला २०१२ पासून असाच एक महोत्सव होतो, तिथे लेखकांची स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड अशी फुटबॉल मॅचसुद्धा असते. तुमच्या गावात असं काय आहे ते शोधा. प्रत्येक गावाला एखादं जुनं कोर्ट, जुनी पोलीस चौकी, बंद पडलेली गिरणी असतेच.

फेरी

यात सगळ्यात जास्त मेहनत आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

आमची फेरी ऑपेरा हाऊसपासून चौपाटीमार्गे मलबार हिलवर हँगिंग गार्डनपर्यंत जाते. विषय १९२५ चं बावला खून प्रकरण. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादिर बावला आणि मुमताज बेगम मोटारीतून चालले होते, दुसऱ्या गाडीने त्यांना अडवलं, बावलाचा खून झाला आणि मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे काही लष्करी अधिकारी योगायोगाने त्याच वाटेने आले, ते मधे पडले म्हणून ती वाचली आणि हल्लेखोर हाती लागले. मुमताज इंदूरच्या दरबारातून निघून आलेली होती. तपासाचे धागे तिथवर पोचले, हायकोर्टात खटला गाजला, एका आरोपीच्या बाजूने मोहम्मद अली जिना उभे होते, आणि शेवटी १९२६ मध्ये इंदूरचे महाराजा तुकोजीराव होळकर तिसरे यांना गादी सोडावी लागली. एका मोटारीच्या धडकेपासून एका संस्थानाच्या गादीपर्यंत जाणारी ही गोष्ट, आणि ती जिथे घडली तिथे उभं राहून ऐकायची, म्हणून लोक चढ चढून येतात.

मी हे प्रकरण निवडलं त्यामागे विचार आहे आणि तो तुम्हीही करा. शंभर वर्षं उलटलीत. पुण्यात फेरी करायची म्हटलं की कोणीतरी लगेच १९७६-७७ चं जोशी-अभ्यंकर खून प्रकरण सुचवतो. माझं स्पष्ट मत आहे की ते करू नये. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांचे नातेवाईक आपल्यात आहेत, त्या घरांसमोर तीस माणसं उभी करून वर्णन ऐकवणं हे मला कुठल्याही अंगाने बरं वाटत नाही. खऱ्या गुन्ह्यावर फेरी करायची तर जुन्या, सगळं सरकारी कागदात आलेल्या, आणि ज्यात आपल्याला मेलेल्या माणसाबद्दलही दोन शब्द सांगता येतील अशाच प्रकरणावर करा. मुमताजची गोष्ट सांगताना आम्ही ती स्वतःच्या मर्जीने जगायला निघालेली बाई होती इथून सुरुवात करतो, नाहीतर दरबाराच्या भानगडीत ती नुसती निमित्त होऊन जाते.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. रस्ता तीनदा चालून बघा: एकदा एकटं, एकदा साठीच्या पुढच्या कोणाला तरी घेऊन, आणि एकदा ज्या वारी ज्या वेळी फेरी आहे अगदी त्याच वेळी. तिसऱ्यांदा चाललं की कळतं कुठे हॉर्नमुळे काही ऐकू येत नाही, कुठे फूटपाथ खणलाय, कुठे ऊन थेट डोळ्यात येतं. थांबे सहाच्या वर नकोत आणि प्रत्येक थांब्यावर चार-पाच मिनिटांच्या वर बोलायचं नाही. पहिल्या वर्षी आम्ही पंचेचाळीस माणसं एकदम नेली, मागच्या वीस जणांना एक शब्द ऐकू गेला नाही, ते आपसात बोलायला लागले, वर एका इमारतीच्या गेटसमोर गर्दी केली म्हणून वॉचमनने हाकललं ते वेगळंच. आता पंधराची एक तुकडी, दोन तुकड्यांत वीस मिनिटांचं अंतर, पुढे बोलणारा आणि मागे एक जण कोणी मागे राहत नाही ना बघणारा, त्याच्याकडे पाणी, ग्लुकोज आणि बँडेज.

जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून चारला निघतो आणि अंधार पडायच्या आत वर पोचतो. चौपाटीवरून वर जायला सिरी रोडची जुनी पायवाट आहे, झाडीतून चढत जाते, सुंदर आहे, पण गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी चौपाटीला टॅक्सी सांगून ठेवतो आणि हे नाव नोंदवतानाच विचारून घेतो, म्हणजे ऐनवेळी कोणाला सगळ्यांसमोर "मला चढवत नाही" म्हणावं लागत नाही.

मलबार हिल कडक बंदोबस्ताचा भाग आहे, तिथे मुख्यमंत्र्यांचा बंगला आहे, राज्यपालांचं निवासस्थान आहे. माणसं थोडी असली तरी स्थानिक पोलीस ठाण्यात आठ-दहा दिवस आधी लेखी अर्ज द्या, मार्ग, वेळ, माणसांची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा नंबर लिहा, पोच घ्या. ती पोच फेरीच्या दिवशी खिशात ठेवा. कर्णा, बॅनर, घोषणा काही नको. आवाज पोचत नसेल तर टूरिस्ट गाईड वापरतात तो कमरेला लावायचा छोटा स्पीकर हळू आवाजात चालतो.

वाटेत चौपाटीला शहीद तुकाराम ओंबळे यांचं स्मारक लागतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाबला जिवंत पकडताना त्यांनी गोळ्या अंगावर घेतल्या. तिथे आम्ही गोष्ट सांगत नाही, नुसतं एक मिनिट उभं राहतो आणि पुढे जातो.

लेखन कार्यशाळा

तीन तास, वीस माणसं, त्याच्यापेक्षा जास्त घेऊ नका कारण प्रत्येकाचं वाचून घ्यायचं असतं. सुरुवातीला भाषण नको, थेट कामाला लावा.

प्रत्येकाला चार कोरी कार्डं द्या. पहिल्यावर लिहायचं कोणी केलं, दुसऱ्यावर का, तिसऱ्यावर कसं, चौथ्यावर तो कुठे चुकला. म्हणजे शेवट आधी. नवीन लिहिणारे नेहमी प्रेतापासून सुरुवात करतात आणि दहाव्या पानावर अडतात, कारण त्यांनाच माहीत नसतं कोणी मारलं. आणि चौथं कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, त्या चुकीवरच आख्खी कथा उभी राहते. त्यावर "घाबरला" असलं काही चालणार नाही, हातात धरता येईल अशी वस्तू किंवा घडलेली गोष्ट हवी.

मग फळ्यावर दोन रकाने आखायचे, डावीकडे खरोखर काय घडलं ते वेळेप्रमाणे, उजवीकडे वाचकाला ते कधी कळलं. डाव्या रकान्यातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट उजवीकडे शेवटच्या आधी कुठेतरी आलीच पाहिजे, नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. पण आली पाहिजे ती लपून. त्याची एक साधी युक्ती आहे. दुवा एकटा ठेवायचा नाही, तीन वस्तूंच्या यादीत मधे ठेवायचा आणि लगेच काहीतरी घडवायचं. "टेबलावर चष्मा, कालचं फाडलेलं कॅलेंडरचं पान आणि अर्धा कप चहा होता, आणि तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली." वाचक शिट्टीकडे जातो, पान मागे राहतं.

आणि खरी गोष्ट म्हणजे प्रत्येकाला स्वतःच्या धंद्यातला दुवा काढायला लावा. मागच्या वर्षी एका निवृत्त कॅशियर काकांनी जे लिहिलं ते मी अजून सगळ्यांना सांगते. त्यांच्या कथेत २०१५ साली एका माणसाकडे नोटांची गड्डी सापडते, तो म्हणतो कालच बँकेतून काढली. पण गड्डीच्या डाव्या बाजूला पिनांची भोकं. काकांनी वाचून दाखवलं आणि वर्गात कोणालाच कळेना. मग त्यांनी सांगितलं की रिझर्व्ह बँकेने २००१ मध्येच बँकांना नोटांच्या गड्ड्यांना पिना मारणं बंद करायला सांगितलं, त्यानंतर कागदी पट्टी आली, म्हणजे पिनांची भोकं असलेल्या नोटा कुठेतरी वर्षानुवर्षं दडवलेल्या होत्या. आख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता. असं ज्ञान प्रत्येकाकडे असतं, शिंप्याकडे असतं, नर्सकडे असतं, रिक्षावाल्याकडे असतं, त्यांना फक्त वाटत नाही की त्याची गोष्ट होते.

शेवटचा अर्धा तास एका वकिलांना द्या, ते कायद्याच्या चुका दुरुस्त करतील. सध्या हे फार लागतं कारण १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आलेत. खुनाचं कलम आता ३०२ नाही, भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे, त्यामुळे २०२५ ला घडणाऱ्या कथेत इन्स्पेक्टर "तीनशे दोन लावतो" म्हणाला तर चुकलं, १९८५ ला घडत असेल तर बरोबर. अटक केल्यावर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, म्हणजे शेवटच्या प्रकरणात चौकीतच खुन्याने सगळं कबूल केलं आणि कथा संपली असं करून चालणार नाही, गुप्तहेराला हातात आणखी काहीतरी लागेल. हे कळलं की लोक शेवट बदलायला बसतात आणि तो बदललेला शेवट नेहमी जास्त चांगला असतो.

पोरांचं टेबल

याला खर्च जवळजवळ नाही. मऊ शिसपेन्सिल, कोरे कागद, पारदर्शक चिकटपट्टी, भिंग. कागदावर पेन्सिल घासून काळा डाग करायचा, त्यावर बोट हलकं फिरवायचं, बोटावर चिकटपट्टी दाबायची, काढून पांढऱ्या कागदावर लावायची. ठसा इतका स्वच्छ उठतो की मुलं ओरडतातच. आपल्याकडे आजी नातवंडांच्या बोटांवरचे शंख-चक्र मोजते ना, तिथूनच सांगायला सुरुवात करा: बोटांच्या ठशांचे मुख्य तीन प्रकार, फासा, भोवरा आणि कमान. फासे सगळ्यात जास्त, साधारण साठ-पासष्ट टक्के, भोवरे तीस-पस्तीस, आणि कमान जेमतेम पाच टक्के, त्यामुळे ज्याच्या बोटावर कमान निघते तो दिवसभर मिरवतो. जगातला पहिला ठसे विभाग १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाला आणि वर्गीकरणाच्या पद्धतीमागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांची बुद्धी होती, हे मुलांना जरूर सांगा. ठशांचे कागद मुलांना घरी न्यायला द्या, नावासकट आपल्याकडे ठेवू नका.

दोन दिवसांचं कोडं

महोत्सवाला एक धागा हवा, जो शनिवारी सुरू होतो आणि रविवारी सुटतो, म्हणजे लोक परत येतात. खून नको, पोरं खेळतात. आमचं पहिलं कोडं असं होतं की चाळीच्या मंडळाची वर्गणीची पेटी सकाळी गेली, पाच संशयित, प्रत्येकाचा जबाब वेगवेगळ्या ठिकाणी चिकटवलेला, एक जिन्यात, एक पुस्तकांच्या टेबलाखाली, एक चहाच्या किटलीशेजारी. एका संशयिताच्या जबाबात होतं की मी सात वाजता नळावर पाणी भरत होतो. आणि नोटीस बोर्डावर इतर दहा कागदांत एक जुनाट नोटीस लावलेली: पाणी पहाटे साडेचार ते सहा. कॉलेजची मुलं मोबाईलवर जबाबांचे तक्ते करत बसली होती, आणि एका आजींनी जबाब वाचला आणि तिथेच म्हणाल्या, "सातला कुठलं रे पाणी?" त्यांना नोटीस बघायचीही गरज पडली नाही, चाळीस वर्षं चारला उठून हंडे भरलेत. तुमचं कोडं असंच तुमच्या गावच्या सवयीतून काढा, एसटीची वेळ, आठवडी बाजाराचा वार, देवळातली शेजारती. उत्तरं रविवारी तीनपर्यंत पेटीत, पाचला उकल, बक्षीस पुस्तकाचं.

कॉपीराइट, परवानग्या, पैसे

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तोही पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचा. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले म्हणजे त्यांच्या कथांवर २०५६ संपेपर्यंत हक्क आहे. जाहीर कार्यक्रमात छोटा उतारा वाचायला हरकत नाही, पण आख्खी कथा वाचणार किंवा नाट्यरूप करणार असाल तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. शेरलॉक होम्सच्या मूळ कथा मुक्त आहेत कारण कॉनन डॉयल १९३० मध्ये गेले, मात्र मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे बरेच जण विसरतात. तिकीट लावून नाटुकलं करायचं असेल तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकं आधी तपासणारं सरकारी मंडळ) पाठवावी लागते, त्याला वेळ लागतो, पहिल्या वर्षी त्यात पडू नका, अभिवाचन करा. उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर पोलीस परवानगी आणि रात्री दहाच्या आत बंद.

पैशाचं थोडक्यात: गप्पा आणि पुस्तकांचं टेबल फुकट ठेवा, फेरीला शंभर आणि कार्यशाळेला दोनशे रुपये घ्या, कारण फुकट असलं की लोक नाव नोंदवतात आणि येत नाहीत, मग वीस खुर्च्यांत आठ माणसं बसतात आणि बाहेर दहा जणांना नाही म्हणून झालेलं असतं. शाळकरी मुलांना आणि ज्यांना झेपत नाही त्यांना न बोलता सोडून द्या. मोठ्या प्रायोजकाच्या मागे लागू नका. आमच्याकडे एकाने लोगो स्टेजभर मागितला आणि शेवटच्या आठवड्यात पैसेच दिले नाहीत. त्यापेक्षा गल्लीतल्या दहा दुकानदारांकडून पुस्तिकेत छोट्या जाहिराती घ्या, ते दर वर्षी देतात आणि वर चहा पाठवतात. वक्त्यांना मानधन, थोडं का होईना, पाकिटात घालून त्याच दिवशी द्या.

सोमवार

सोमवारी संध्याकाळी पुस्तकं परत. पावती बघून, अवस्था देणाऱ्याबरोबर ताडून, सही घेऊन. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी नेऊन द्या, पुढच्या वर्षीची पुस्तकं याच फेरीत मिळतात.

आणि ते शेवटच्या पानाचं. भाड्याच्या लायब्ररीतून फिरलेल्या पुस्तकांचं शेवटचं पान फार वेळा गेलेलं असतं, कधी झिजून, कधी कोणी फाडून. दुसऱ्या वर्षी पावत्या लिहिताना आमच्या लक्षात आलं की अशी अकरा पुस्तकं आलीत. आम्ही ती वेगळ्या टेबलावर मांडली आणि वर पाटी लावली, "यांचा शेवट कोणाकडे आहे?" रविवारी दुपारी माहीमच्या एका बाईंनी त्यातलं एक ओळखलं, घरी गेल्या, आपली प्रत घेऊन परत आल्या, आणि आम्ही त्या एका पानाचा वरून फोटो काढून त्याची प्रिंट पाकिटात घालून त्या पुस्तकात ठेवली. ज्यांचं पुस्तक होतं ते काका तिथेच खुर्चीवर बसून ते पान वाचत होते. असे चार शेवट आतापर्यंत मिळालेत. उरलेल्या सात पुस्तकांची नावं वाचनालयाच्या दारावर लावलेली आहेत.